दवाखान्यातून घरी आलेल्या ज्येष्ठांचं 'पुनर्वसन' म्हणजे नेमकं काय?

ऑपरेशन नीट झालेलं असतं. एक्स-रे चांगला आलेला असतो, टाके सुकलेले असतात, ताप उतरलेला असतो. घरी सोडतानाच्या कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, 'फिजिओथेरपी चालू ठेवा'. आणि तरीही, महिन्यापूर्वी स्वतःच्या पायांनी जिना उतरून गेलेला माणूस चाकाच्या खुर्चीतून घरी येतो. पलंगावरून उठवायला दोघं लागतात. आजार तर बरा झालाय, मग माणूस असा का, हे घरच्यांना उमगत नाही. "वय झालंय आता," असं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथेच मिटतो.

आमच्या घरात वडिलांच्या बाबतीत तो असाच मिटला होता. न्यूमोनियातून ते उठले आणि आम्ही त्यांना उठूच दिलं नाही. पाणी हातात, गोळ्या हातात, वर्तमानपत्र हातात. दोन आठवडे आम्ही त्यांची मनापासून सेवा केली, आणि त्या दोन आठवड्यांत गेलेली ताकद परत आणायला पुढे तीन महिने लागले. त्यावेळी कुणीतरी आम्हाला सोप्या शब्दांत सांगायला हवं होतं, ते इथे सांगतो आहे.

हा शब्द आला कुठून?

पुनर्वसन म्हटलं की आपल्याला आधी विस्थापित माणसं आठवतात. घर गेलेल्यांना पुन्हा वसवणं, असा त्याचा रोजचा अर्थ. वैद्यकातही तो चपखल बसतो. आजारानं किंवा पडण्यानं माणूस स्वतःच्याच घरात परका होतो. तीच खोली, तोच जिना, तेच न्हाणीघर, पण तिथे त्याला वावरता येत नाही. त्याला तिथे पुन्हा वावरता यावं म्हणून केलेले उपचार म्हणजे पुनर्वसन.

मोडलेलं हाड जुळलं का, हे सर्जन बघतो. त्या हाडावर उभं राहून माणूस रात्री एकटा संडासला जाऊन येतो का, हे पुनर्वसनात बघतात. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असलेली असंख्य माणसं घरोघरी पडून आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार २०१९ साली जगभरात सुमारे २४१ कोटी लोकांना अशा कुठल्या ना कुठल्या उपचाराचा उपयोग झाला असता. म्हणजे दर तिघांमागे जवळपास एकाला.

हे काम प्रामुख्यानं तिघं करतात. फिजिओथेरपिस्ट ताकद, तोल आणि चालणं पाहतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजची कामं पाहतो: कपडे घालणं, अंघोळ, घास तोंडापर्यंत नेणं. स्पीच थेरपिस्ट बोलणं पाहतो, आणि बहुतेकांना ठाऊक नसतं, पण गिळणंही तोच पाहतो.

नुसतं पडून राहिल्यानं एवढं काय बिघडतं?

१९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे २० वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. उठले तेव्हा शरीराची दमाची क्षमता, म्हणजे धावता-चढताना प्राणवायू वापरण्याची ताकद, पाव हिश्शाहून जास्त घटली होती. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोचलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांची जेवढी क्षमता घटवली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं घटवली होती. (जाता जाता सांगतो: पन्नाशीत सहा महिने व्यायाम करून त्यांनी विशीतली ती क्षमता परत मिळवली.)

हे झालं तरुणांचं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साधारण ६७ वर्षं वयाच्या निरोगी लोकांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. दहाच दिवसांत त्यांच्या दोन्ही पायांतून मिळून सुमारे एक किलो स्नायू गेला. त्यांना ताप नव्हता, जखम नव्हती, खाणंपिणं व्यवस्थित होतं. आजारी माणसाच्या अंगात दाह असतो, भूक मेलेली असते, झोप मोडलेली असते. त्याचे स्नायू याहून वेगानं झिजतात.

एक किलो गेला तर काय मोठंसं, असं वाटू शकतं. इथे गंगाजळीचा विचार करा. तरुण माणसाला हात न टेकता खुर्चीतून उठायला मांडीच्या एकूण ताकदीपैकी निम्म्याहूनही कमी ताकद लागते. बाकीची शिल्लक. वयस्कर माणसाला त्याच उठण्याला स्वतःच्या ताकदीतली सुमारे ८० टक्के खर्चावी लागते. म्हणजे आजारी पडायच्या आधीच त्याची शिल्लक थोडी असते, फक्त ते कुणाला दिसत नसतं. तो चालत असतो, उठत असतो, सगळं ठीक वाटतं. मग आजार येतो आणि आणखी वीस-पंचवीस टक्के घेऊन जातो. आता खुर्चीतून उठायला जेवढी ताकद लागते, तेवढी एकूणच नाही. ताकद पंचवीस टक्के घटली म्हणून उठणंही पंचवीस टक्क्यांनी कमी होतं, असा इथला हिशेब नसतो. काल उठता येत होतं, आज अजिबात येत नाही.

'एकदम खचले हो' असं आपण म्हणतो, ते बहुतेक वेळा हेच असतं. आणि यातली दिलासा देणारी बाजूही लक्षात घ्या. जी रेषा खाली ओलांडली, ती वर ओलांडायलाही फार ताकद लागत नाही. थोडीशीच कमावली की माणूस पुन्हा आपला आपण उठू लागतो.

स्नायूंखेरीज बाकीही गोष्टी आहेत. सतत आडवं राहिल्यावर उभं राहताच रक्तदाब पडतो आणि चक्कर येते. फुप्फुसांचा तळ नीट उघडत नाही, कफ साठतो. पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात. टाचा आणि माकडहाडापाशी कातडी दुखावते. एकाच छताकडे पाहत पडल्यानं काळवेळाचं भान सुटतं. हे सगळं मूळ आजाराच्या खात्यावर लिहिलं जातं, पण त्यातलं बरंचसं अंथरुणाचं असतं.

मग डॉक्टरच पूर्वी झोपवून का ठेवायचे?

कारण तेव्हा तसंच वाटायचं. हृदयविकाराचा झटका आलेल्याला चार-सहा आठवडे पूर्ण झोपवून ठेवणं ही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची रीत होती. १९५२ साली सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या बोस्टनच्या डॉक्टरांनी झटक्यानंतरच्या रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. तेव्हा ते अघोरी वाटलं होतं. आज तीच साधी रीत आहे.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या गरीबगृहाचा, म्हणजे निराधारांना ठेवायच्या सरकारी आश्रयगृहाचा, दवाखाना आला. तिथे सातशेहून अधिक माणसं होती, बरीचशी वृद्ध, कित्येक वर्षानुवर्षं अंथरुणात. 'असाध्य' म्हणून सोडून दिलेली. डॉ. मार्जरी वॉरेन यांनी एकेकाला नीट तपासलं, कुणाला नेमकं काय झालंय ते ठरवलं, आणि उठवण्यासारखे होते त्यांना उठवायला घेतलं. त्यातली कितीतरी माणसं चालू लागली, घरी गेली. वृद्धांच्या वैद्यकाची वेगळी शाखा उभी राहण्यामागे हे काम आहे. त्या माणसांना अंथरुणात खिळवून ठेवणारी गोष्ट वय नव्हती. त्यांना कुणी उठवलं नव्हतं, एवढंच.

"पण या वयात स्नायू थोडेच वाढतात?"

वाढतात. या शंकेचं उत्तर १९९० सालीच मिळालंय. बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. सगळे नव्वदीच्या आगेमागे, सर्वांत मोठे ९६ वर्षांचे. ज्यांनी कार्यक्रम पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीनपट झाली. दोघांनी काठी सोडली. चार वर्षांनी त्याच संशोधकांनी शंभर वृद्धांवर मोठा अभ्यास केला. त्यात आणखी एक गोष्ट दिसली: व्यायामाशिवाय नुसतं पौष्टिक पेय दिलेल्यांना काहीच फरक पडला नव्हता.

म्हणून 'ताकदीचं काहीतरी द्या' ही मागणी अर्धीच बरोबर आहे. स्नायूला प्रथिनं लागतात, आणि आजारातून उठणाऱ्या वयस्कर माणसाला निरोगी तरुणापेक्षा जास्त लागतात. साधारण शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम असं तज्ज्ञांचं मत आहे. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. पण प्रथिनं म्हणजे विटा. गवंडी कामाला आलाच नाही तर विटांचा ढीग दाराशी तसाच पडून राहतो. इथे व्यायाम हा गवंडी.

आणि व्यायाम म्हणजे थोडा जोर लागेल असा. पलंगावर पडल्या पडल्या पायाची बोटं हलवणं पहिल्या दिवशी ठीक आहे, दहाव्या दिवशी पुरेसं नाही. आठ-दहा वेळा केल्यावर 'आता पुरे' वाटेल एवढा भार हवा, आणि ते सोपं वाटू लागलं की भार वाढवायला हवा. मालिश, शेक, कंपनाचं मशीन यांनी बरं वाटतं, दुखणं हलकं होतं, त्यात वाईट काही नाही. पण त्यात मेहनत दुसरा कुणीतरी किंवा यंत्र करत असतं. रुग्णाच्या स्नायूंना त्यातून काम मिळत नाही. घरी येणारा थेरपिस्ट पाऊण तास शेक आणि मालिशच देऊन जात असेल, तर 'यांनी स्वतः काय करायचं?' हे स्पष्ट विचारा.

"दुखतंय म्हणतात, मग थांबवायला नको का?"

घरच्यांचं काळीज तुटतं ते इथे. कण्हणाऱ्या आईला 'अजून दोन पावलं' कोण म्हणेल?

दुखण्याचे प्रकार असतात. न वापरलेला स्नायू वापरला की ठणकतो, आखडलेला सांधा ताणला की ओढ बसते. ते दुखणं सहन होण्याइतकं असेल आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत निवळत असेल, तर व्यायाम चुकतोय असं नाही. अचानक उठलेली तीव्र कळ, वाढत जाणारी सूज, रात्रभर झोपू न देणारी वेदना ही वेगळी. ती थेरपिस्टला आणि डॉक्टरांना कळवायची. शिवाय वेदनाशामक गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घेता येईल का, हे विचारून घ्या. गोळी कमी घ्यायची म्हणून दात-ओठ खाऊन पडून राहणारे पुष्कळ असतात. त्यात शहाणपण नाही, कारण त्या न घेतलेल्या गोळीपायी बुडतो तो व्यायाम.

खुब्याचं हाड मोडलं असेल तर

ऑपरेशन झालं की दुसऱ्याच दिवशी पलंगावरून उतरवतात, तेव्हा नातेवाईक हादरतात. 'जोडलेलं हाड सरकेल ना!' पण खुब्याचं ऑपरेशन बहुतेकदा याच हेतूनं करतात, की त्यावर लगेच भार देता यावा. भार द्यायचा नसेल तर सर्जन तसं स्पष्ट लिहून देतात. म्हणून घरी निघताना एक प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्या: या पायावर किती भार द्यायचा? पूर्ण, अर्धा, की नुसता टेकवायचा?

आता काठीविषयी, कारण इथे हमखास चूक होते. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नसते. उजवा पाय दुखरा असेल तर काठी डाव्या हातात, आणि काठी व दुखरा पाय एकाच वेळी पुढे. निरोगी चालण्यातही विरुद्ध बाजूंचे हात-पाय बरोबर पुढे जातात, त्याचंच हे रूप. काठीची मूठ, हात सरळ सोडल्यावर मनगटाची घडी येते तिथे यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढताना शरीर वर उचलायचं असतं, ते काम धडधाकट पायानं करायचं. उतरताना वरच्या पायरीवरचा पाय सगळं वजन तोलून धरतो, म्हणून तिथेही चांगलाच पाय मागे ठेवायचा.

पुन्हा पडण्याची भीती हे या दुखण्याचं दुसरं अंग. भीतीनं माणूस कमी चालतो, कमी चालल्यानं तोल आणखी बिघडतो, आणि ज्याची भीती तेच घडायची शक्यता वाढते. 'हळू! पडाल!' असं दिवसातून वीसदा ओरडल्यानं ती भीतीच घट्ट होते. तोल आणि ताकदीच्या नियमित व्यायामानं घरी राहणाऱ्या वृद्धांचं पडणं साधारण एक चतुर्थांशानं कमी होतं, हे शंभरहून अधिक चाचण्या एकत्र पाहून दिसलेलं आहे. घरच्यांनी ओरडण्यापेक्षा गालिचाची दुमडलेली कड सरळ करावी, रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवावा, न्हाणीघरात धरायला दांडा बसवावा.

पक्षाघात: मेंदू पुन्हा शिकतो म्हणजे काय?

पक्षाघातात हाताचे स्नायू शाबूत असतात. बिघाड मेंदूत झालेला असतो: रक्तपुरवठा तुटून मेंदूचा एक भाग मेलेला असतो, आणि हाताला हुकूम देणारा रस्ताच तिथून जात असतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण पूल वाहून गेल्यावर लोक जसे नदीच्या उताराशी नवी पायवाट पाडतात, तसं मेंदूचे उरलेले भाग थोडंफार काम अंगावर घेतात. पायवाट पडते ती पावलांनी. शंभर माणसं गेली की गवत दबतं, चार गेली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहतं. म्हणून इथे तीच तीच कृती शेकडो वेळा करावी लागते, आणि तीसुद्धा उपयोगाची कृती. हवेत हात हलवण्यापेक्षा समोरचा पेला उचलणं मेंदूला लवकर समजतं.

यात एक फसवा भाग आहे. सुरुवातीला दुबळा हात वापरून पाहिला, जमलं नाही, चिडचिड झाली, आणि माणूस चांगल्या हातानं सगळं उरकू लागला. पुढे दुबळ्या हातात थोडी जान आली तरी तो वापरायची सवयच गेलेली असते. म्हणून एका उपचारात चांगल्या हातावरच हातमोजा चढवतात, दिवसाचा बहुतेक जागेपणीचा वेळ, सलग दोन आठवडे, आणि दुबळ्या हाताकडून तासन् तास काम करून घेतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत याचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. मात्र मनगट आणि बोटं थोडीतरी हलत असतील तरच हा उपचार देतात.

घरच्यांसाठी इथे एक कडक सूचना: लुळ्या हाताला धरून कधीही ओढून उठवू नका. खांद्याचा सांधा स्नायूंनी धरून ठेवलेला असतो. स्नायू सैल पडले की ओढल्यानं तो निसटतो, आणि ते दुखणं महिनोन् महिने पुरतं. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना तोच शेवटी.

बोलणं गेलं असेल तर समज गेली असं धरून चालू नका. कित्येकांना सगळं कळत असतं, फक्त शब्द सापडत नसतो. मोठ्यानं ओरडून बोलल्यानं काही साधत नाही. छोटं वाक्य, हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न, आणि मग वाट पाहणं. ती वाट पाहणं फार अवघड असतं, आपण शब्द पुरवून मोकळे होतो. एकही वाक्य न बोलू शकणारी काही माणसं ओळखीचं गाणं मात्र शब्दांसकट म्हणतात, कारण गाणं मेंदूच्या उजव्या बाजूलाही नांदत असतं. सुरांच्या आधारानं बोलणं परत आणण्याची एक पद्धत १९७०च्या दशकापासून वापरात आहे.

गिळण्याचं तर तातडीनं पाहावं लागतं. अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलेला घोट न्यूमोनिया करतो, आणि पक्षाघातानंतर कधी कधी ठसकासुद्धा लागत नाही. 'ठसका लागला नाही म्हणजे नीट गिळलं' हे खरं नाही. स्पीच थेरपिस्टनं तपासून सांगेपर्यंत प्रेमापोटी घोटभर पाणीही पाजू नका. नंतर देताना ताठ बसवून द्या, आणि नंतरही अर्धा तास आडवं करू नका.

लवकर म्हणजे किती लवकर?

इथवर वाचून कुणी 'मग पहिल्या दिवसापासून दमवूया' असं ठरवलं तर तेही चुकेल. पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ पक्षाघात रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली आले. पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी ४६ टक्के लोक चांगल्या स्थितीत होते. नेहमीच्या पद्धतीनं उठवलेल्या गटात ५० टक्के. म्हणजे जास्त उत्साहानं तोटा झाला. नंतरच्या विश्लेषणात, थोडा थोडा वेळ पण अनेकदा उठणं जास्त हिताचं दिसलं.

याचा अर्थ असा की उठवणं हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. ती मात्रा आजाराप्रमाणे बदलते, म्हणून पहिले काही दिवस ती ठरवणं तज्ज्ञांचं काम. हृदय आणि फुप्फुसाच्या आजारानंतर तर हृदयाचे ठोके आणि प्राणवायू मोजत मोजत मात्रा वाढवतात. घरी मग साधी खूण पुरते: व्यायाम करताना बोलता यावं, पण गाता येऊ नये.

छातीत दुखणं, बसल्या जागीही धाप, डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीला अचानक आलेली सूज, तोंड वाकडं होणं किंवा शब्द अडखळणं यांपैकी काहीही झालं तर व्यायाम तिथेच थांबवून ताबडतोब डॉक्टर गाठायचा.

घरातल्या मायेचं काय करायचं?

मला सर्वांत जास्त बोलायचंय ते यावर, कारण उपचार रोज तासभर असतो आणि उरलेले तेवीस तास घरचे असतात.

सदऱ्याची बटणं लावायला वडिलांना बारा मिनिटं लागायची. आम्ही अर्ध्या मिनिटात लावून मोकळे व्हायचो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्या नुसत्या बसून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "काकांचा सगळ्यात चांगला व्यायाम तुम्हीच रोज करून टाकताय." बटण लावण्यात बोटांचा नेमकेपणा असतो, दोन हातांचा मेळ असतो, आधाराविना बसण्याचा तोल असतो आणि लक्षही लागतं. इतकं सगळं एकत्र देणारं यंत्र कुठल्याच दवाखान्यात नसेल.

त्यांनी एक सवय लावून दिली. मदतीचा हात पुढे करण्याआधी मनात दहापर्यंत मोजायचं. दहा आकड्यांत बहुतेक वेळा वडिलांचा हात हलायला लागायचा. नाहीच हलला तर आधी शब्दांनी सुचवायचं, मग हाताला नुसता स्पर्श, मग अर्धी मदत. पूर्ण काम आपण करायचं ते शेवटी. सकाळी घाई असेल तर घाईचं काम आपण करावं आणि दुपारचं निवांत काम त्यांच्यावर सोडावं. सगळंच त्यांच्या गळ्यात घालायचं नाही. अंघोळ करून दमलेल्या माणसाला पुढचे दोन तास काहीच जमणार नसेल, तर अंघोळीत मदत करून उरलेली ताकद चालण्यासाठी राखणं हाच शहाणपणा.

खुर्चीची उंची हीसुद्धा उपचाराचीच बाब आहे. खोलगट, मऊ सोफ्यातून उठायला कितीतरी जास्त ताकद लागते. गुडघ्याच्या उंचीची, हाताचे दांडे असलेली टणक खुर्ची दिली की 'उठता येत नाही' म्हणणारा माणूस त्याच दिवशी उठलेला मी पाहिला आहे. त्याची ताकद तीच होती, ती रेषाच खाली आणली होती.

आणि चष्मा! दवाखान्यात चष्मा, श्रवणयंत्र, दातांची कवळी पिशवीत बांधून घरी पाठवून देतात आणि मग माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, ८५२ रुग्णांच्या एका अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्यांना दवाखान्यात असतानाच वेळकाळाची जाणीव देत राहणं, चालवणं, नीट झोप मिळू देणं, पाणी पाजणं, चष्मा-श्रवणयंत्र वापरायला लावणं एवढंच केलं. भ्रम होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं.

"त्यांना आठवतच नाही, मग शिकवून काय उपयोग?"

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला सकाळचा व्यायाम दुपारी आठवणार नाही, हे खरं. पण काय घडलं ते लक्षात ठेवणं आणि अंगाला सवय लागणं या मेंदूच्या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि दुसरी बरीच उशिरापर्यंत शाबूत राहते. सायकल चालवताना आपण तरी कुठे काय आठवत असतो? अशा माणसाबरोबर जागा, वेळ आणि शब्दही तेच ठेवायचे. एका वेळी एकच सूचना: 'पुढे सरका.' मग, 'हात दांड्यावर.' मग, 'उठा.' आधी स्वतः करून दाखवलं तर आणखी सोपं जातं. कारणं समजावण्यात वेळ घालवू नये.

अजिबात करायलाच तयार नसलेला माणूस दरवेळी हट्टी असतो असंही नाही. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. जेवणावरून मन उडालं, झोप बिघडली, कशातच रस उरला नाही, असं दिसलं तर आधी त्याचा इलाज हवा. त्यावर औषधं आहेत आणि ती लागू पडतात.

तीन महिने झाले, आता सुधारणा थांबली का?

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा भराभर होते, पुढे ती हळू होते. हळू होणं आणि थांबणं यांत घोळ होतो, कारण रोज पाहणाऱ्याला हळू होणारा फरक दिसत नाही. वर सांगितलेल्या हातमोज्याच्या चाचणीत रुग्ण पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिन्यांनी दाखल झाले होते, आणि तरी सुधारले.

म्हणून मोजायचं. सोपी चाचणी आहे. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी करून ठेवायला सांगा, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. शेजारी कुणीतरी उभं असू द्या. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि बाईला १० पेक्षा कमी जमत असेल तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. सुरुवातीला शून्य आलं तरी चालेल. दांडे धरून किती वेळा जमतं ते लिहून ठेवा.

आकड्याइतकंच ध्येयही नेमकं हवं, आणि ते त्या माणसाचं स्वतःचं हवं. 'चालायला लागावं' हे आपलं ध्येय असतं. वडिलांना थेरपिस्टनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दाराची बेल वाजली की मला उठून दार उघडायचंय." आम्हाला कुणालाच हे सुचलं नसतं. मग सगळा सराव त्याभोवती बांधला गेला: खुर्चीतून उठणं, वॉकर घेऊन चौदा पावलं, एका हातानं वॉकर धरून दुसऱ्यानं कडी काढणं. कडी काढणं सर्वांत अवघड होतं, कारण तिथे एक हात सुटतो. त्यासाठी कपाटाच्या दारावर तीन आठवडे सराव झाला.

अकराव्या आठवड्यात बेल वाजली आणि आम्ही तिघंही घरात असून जागचे हललो नाही. बाहेरच्या माणसानं आणखी दोनदा बेल वाजवली. आतून वडिलांचा आवाज आला, "येतोय, थांबा जरा."